मागच्या ओट्यावरचा मिरचीचा पिपा

मित्रांनो, मी एक जुना पिपा आहे. माझी एक बाजू चेपली आहे, कडा गंजल्या आहेत, पण माझी कीव करू नका. कीव करायचीच असेल तर ज्यांच्या घरी मी आयुष्य काढलं त्यांची करा.

सन चौऱ्याहत्तरला मी जवसाचं तेल पोटात घेऊन सिंदी मेघेला नानाजींच्या घरी आलो. तेल संपल्यावर टिनवाल्याने माझं तोंड कापून मोठं केलं आणि चार वर्षं माझ्यात तुरीची डाळ राहिली. तेव्हा मला घरात मान होता. मग नानाजी हेडमास्तरकीतून निवृत्त झाले आणि त्यांना बागेचं वेड लागलं. या गृहस्थांना जगातली कुठलीही गोष्ट विचारा, उत्तर तयार असायचं. ते बरोबर असायचं असं मात्र नाही.

त्यांनी मला आणि माझ्या जोडीच्या दुसऱ्या पिप्याला अंगणात ठेवलं, माती भरली आणि मिरचीची दोन-दोन रोपं लावली. खाली पाणी निघायला एक भोक पाडावं हे त्या हुशार माणसाला सुचलं नाही. पाणी माझ्या तळाशी साचलं, मुळं कुजायला लागली, पानं पिवळी पडून लोंबली. नानाजी म्हणाले, "तहानले बिचारे," आणि आणखी एक तांब्या ओतला. दिवसातून तीनदा ओतला.

घरात एकच माणूस असा होता की ज्याने मातीत बोट घातलं. ती नलू, त्यांची सून. सेलूच्या शेतकऱ्याची मुलगी. नवरा श्रीधर नागपूरला नोकरीला, शनिवारी यायचा. तिने माती हुंगली आणि म्हणाली, "मामाजी, पाणी जास्त होऊन राह्यलं. खाली भोक नाई."

"तू मले शिकवशीन? तीस वर्षं पोरं शिकवली मी."

नानाजी दुपारी झोपले तेव्हा तिने खिळा आणि वरवंटा आणून आम्हा दोघांच्या तळाला पाच-पाच भोकं पाडली. दुखलं, नाही म्हणत नाही. पण काळं, नासकं पाणी वाहून गेलं आणि आठवड्याभरात पानं उभी राहिली. नानाजींनी गल्लीभर सांगितलं की हा त्यांचा प्रयोग होता.

मग त्यांनी युरियाची मूठ टाकली. पानं हिरवीकच्च झाली, तळहाताएवढी वाढली, आणि फूल एकही नाही. शेजारच्या प्रमिलाबाईंना ते कौतुकाने पानं दाखवायला लागले तेव्हा त्या म्हणाल्या, "मास्तर, पाल्याची भाजी करता का आता?" नलूने गुपचूप खत बंद केलं आणि चुलीची राख नि कुजलेलं शेणखत घातलं. महिन्याने फुलं आली. त्याचंही श्रेय कोणी घेतलं ते सांगायला नको.

पौषात खरी आफत आली. कोवळी पानं वर वळून होडीसारखी झाली, शेंडे आखडले, फुलं गळायला लागली. आमच्याकडे याला बोकड्या म्हणतात. नानाजींचं ज्ञान इथे संपलं आणि आनंदाबाईंचं, म्हणजे त्यांच्या पत्नीचं, सुरू झालं.

त्या घरात बाई महिन्यातले चार दिवस मागच्या ओट्यावर वेगळी बसायची. लोणच्याला हात नाही, पापडाला नाही, झाडाला नाही. सावलीसुद्धा नाही.

"ही बाजूले बसली होती तवा झाडाजवळून गेलती," आनंदाबाई म्हणाल्या. "मी पायलं. म्हणून झाडं आखडली. होळीपर्यंत सुधरली नाई तं हिले सेलूले पाठवून देऊ. परत आणाचं का नाई, ते मंग पाहू."

नानाजी हेडमास्तर होते. त्यांनी पेपर तोंडासमोर धरला. नलूच्या डोळ्यांत पाणी आलं ते मी पाहिलं, आणि त्या दिवसापासून मला त्या पेपरमागच्या माणसाचा जास्त राग आहे.

माझी दोन्ही रोपं जास्त आजारी होती, म्हणून "हे तं गेलंच" म्हणत आनंदाबाईंनी मला मागच्या ओट्यावर नेऊन टाकलं. समोर अंगणातच राहिलेल्या दुसऱ्या पिप्याचा उपचार त्यांनी स्वतः हाती घेतला. उपचार कोणता? नजर लागू नये म्हणून झाडाला लिंबू-मिरची बांधली. मिरचीच्या झाडाला मिरची! असल्या घरात मी दिवस काढले, मित्रांनो.

नलूचे चार दिवस आले आणि ती माझ्याशेजारी येऊन बसली. घरकाम बंद, बोलायला कोणी नाही. तिने एक पान उलटून पाहिलं. मग पानाखाली कोरा कागद धरून शेंड्याला टिचकी मारली. कागदावर सुईच्या टोकाएवढे पिवळसर किडे पळायला लागले. पानांचा रस तेच पीत होते, म्हणून पानं वळत होती. ती कितीतरी वेळ त्या कागदाकडे बघत राहिली. मग हसली.

शेतकऱ्याच्या मुलीला किडीचा संशय आलाच होता, म्हणून नानाजींच्या डबीतली मूठभर तंबाखू तिने आधीच पदरात बांधून आणली होती. ती रात्रभर पाण्यात भिजवली, सकाळी गाळली, धुण्याच्या साबणाचा तुकडा त्यात विरघळवला. श्रीधरच्या लहानपणीची पितळी पिचकारी माळ्यावरून तिने आदल्या दिवशीच काढून ठेवली होती. तिने पानांच्या खालच्या बाजूने फवारा मारला, कारण किडे तिथेच राहतात. फार आखडलेले शेंडे खुडले. एका रोपाची पानं पिवळी-हिरवी चट्टेरी होऊन ते खुजं राहिलं होतं. ते रोप वाचणार नव्हतं आणि दुसऱ्यालाही बिघडवणार होतं, म्हणून तिने ते उपटून कुंपणाबाहेर गाडलं. पुढे दर आठव्या दिवशी ओटा झाडताना एक फवारा. नानाजी मात्र तंबाखू लवकर का संपते म्हणून दुकानदाराशी भांडत होते.

होळीला आठ दिवस राहिले तेव्हा समोरची दोन्ही झाडं लिंबासकट वाळली. आनंदाबाईंनी ती मंगळवारी उपटली. माझं झाड मिरच्यांनी वाकलं होतं. त्यांनी त्यावर डोळा ठेवलाच होता. मिरच्या तोडणीला आल्यावर नलूने फवारा बंद केला, त्याला दहा दिवस झाले होते. मिरच्या तोडल्या, धुतल्या, ठेचा केला आणि प्रमिलाबाईंना भाकरीबरोबर वाढला.

"काय झणझणीत हाय!" प्रमिलाबाई म्हणाल्या. "कोणत्या झाडाच्या?"

"समोरच्या. लिंबू बांधलं होतं नं."

नलू दारात उभी होती. ती आत येऊन म्हणाली, "समोरची झाडं तं तुमी मंगळवारी उपटली, आत्याबाई. हे मागच्या ओट्यावरचं हाय. म्या बाजूले बसली असतानाच त्याले हात लावला, फवारलंबी."

आनंदाबाईंचा घास हातातच राहिला. प्रमिलाबाईंनी मात्र चावणं थांबवलं नाही. "मी तं अर्धी वाटी खाल्ली," त्या म्हणाल्या. "मले काई झालं नाई." मग म्हणाल्या, "आमच्या सुनेले, जयवंतालेबी, मी त्या चार दिवसांत झाडाजवळ येऊ देत नाई." संध्याकाळपर्यंत गल्लीत सगळ्यांना कळलं. नलूला सेलूला पाठवलं नाही. पटलं म्हणून नव्हे. लोक हसतील म्हणून.

चैत्रात आनंदाबाईंनी समोर नवी रोपं लावली. त्यांचीही पानं वळली, आणि नेमके तेव्हाच नलूचे चार दिवस होते. आनंदाबाई मागच्या दारात आल्या. हातात एक पान होतं. त्यांनी ते लांबूनच ओट्यावर टाकलं. "पाय बरं, याले काय झालं."

नलूने पान उचललं नाही. "इथून दिसत नाई," ती म्हणाली. "हातात द्या."

 मी असल्या माणसांकडून काही अपेक्षा ठेवणं कधीच सोडलं होतं. पण आनंदाबाई खाली वाकल्या, पान उचललं आणि नलूच्या तळहातावर ठेवलं. बोटाला बोट लागलं. रीतीप्रमाणे आता त्यांनी आंघोळीला जायला हवं होतं. त्या तिथेच नलूजवळ बसल्या आणि म्हणाल्या, "सांग."

मित्रांनो, माणसांबद्दल माझं मत अजूनही फारसं चांगलं नाही. पण तुमचं झाड आजारी पडलं तर पान उलटून पाहा, आणि घरात ज्याला त्यातलं कळतं त्याला विचारा. लांबून नको. जवळ बसून विचारा.