बॅकअप कुठे जातो

थोरलीच्या ब्लॉगवर वाचकांपेक्षा जाहिरातीच जास्त बोलायला लागल्या, तेव्हा तिनं धाकटीला बोलावून घेतलं. जुन्या पुस्तकाचा कणा कसा बदलायचा यावर तिनं जीव ओतून लिहावं आणि खाली प्रतिक्रियांत कोणीतरी केस उगवायचं तेल विकावं, हे तिला सहन होईना. थोरली बाइंडर होती. धाकटी एका कंपनीत वेबसाइट बनवायची. आई लवकर गेली, त्यामुळे थोरलीनंच धाकटीला लहानाची मोठी केली होती.

कागदाच्या कात्रणांनी भरलेल्या टेबलावर जागा करून धाकटीनं लॅपटॉप उघडला.

"हे बघ ताई, प्लगइन म्हणजे तयार जोडकाम. ब्लॉगला जे येत नाही, ते त्याला जोडून द्यायचं. हजारो मिळतात. पण दिसलं की लाव, असं करायचं नाही. ब्लॉग जड होतो."

"मग कुठलं लावायचं हे कळणार कसं?"

"आधी आपली अडचण काय ते ठरवायचं. मग ते किती लोक वापरतात आणि शेवटचं कधी सुधारलंय, ते बघायचं. वर्षानुवर्षं कोणी हात लावला नसेल, तर त्याच्या वाटेला जायचं नाही."

थोरलीला हे एकदम पटलं. कागद बघून सुई घेणाऱ्या बाईला न पटायला काय झालं? धाकटीनं एक प्लगइन लावलं, ते फालतू प्रतिक्रिया बाहेरच्या बाहेर अडवणार होतं. दुसरं फोटो हलके करणार होतं, म्हणजे पान झटकन उघडेल. तिसरं लेख गुरुवारी सकाळी आपोआप प्रसिद्ध करणार होतं, कारण म्हणे वाचक गुरुवारी जास्त येतात.

"आणि हे चौथं बॅकअपचं. तू जे काही लिहिशील, अर्धंमुर्धं कच्चं लिखाणसुद्धा, त्याची प्रत दुसरीकडे साठत राहील. उद्या ब्लॉग बसला तरी तुझं काही जाणार नाही."

"दुसरीकडे म्हणजे कुठे गं?"

"माझ्या सर्व्हरवर. घरच्या घरी. पासवर्ड पण माझ्याकडेच राहू दे, तू विसरशील. तू फक्त लिहायचं."

थोरलीनं त्या दिवशी धाकटीला जेवल्याशिवाय सोडलं नाही. बहीण असावी तर अशी, असं ती दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला आठवडाभर ऐकवत होती. ऐकणारे कंटाळले, ती कंटाळली नाही.

आता या ब्लॉगचं तिला एवढं काय होतं, हे सांगायला हवं. बाइंडरचं नाव पुस्तकावर कुठेच नसतं. लेखकाचं असतं, प्रकाशकाचं असतं, ज्याला भेट दिलं त्याचंसुद्धा असतं. थोरलीनं आयुष्यभर दुसऱ्यांची नावं सोनेरी अक्षरांत ठोकली होती. ब्लॉगच्या माथ्यावर पहिल्यांदा तिचं स्वतःचं नाव आलं होतं. ते ती रोज सकाळी उघडून बघायची, आणि बघताना कोणी पाहिलं तर उगाच चष्मा पुसायची.

तिची लिहिण्याची एक तऱ्हा होती. आधी लेख लिहायचा, मग त्याबरहुकूम काम करून बघायचं आणि चुकलं असेल तिथे लेख सुधारायचा. आधी लिहिलं की काम डोक्यात नीट बसतं, असं तिचं म्हणणं. त्यामुळे तिच्या कच्च्या लेखांत हमखास चुका असायच्या आणि गुरुवारी येणारा लेख मात्र चोख असायचा.

एका गुरुवारी लेखाखाली प्रतिक्रिया आली. 'वाळवी' या नावानं लिहिणारा हा तिचा सगळ्यात जुना वाचक. पुस्तकं वाचवणाऱ्या बाईच्या ब्लॉगवर हे नाव घेऊन यायचं म्हणजे माणूस मिश्कील असणार. त्या दिवशी मात्र त्यानं मिश्किली गुंडाळून ठेवली होती.

"हा लेख मी सोमवारीच दुसऱ्या ब्लॉगवर वाचला. याआधीचेही तिथेच आधी आले होते. बाई, तुमच्याकडून चोरीची अपेक्षा नव्हती."

खाली त्यानं पत्ता दिला होता. थोरलीनं तो उघडला. देखणा ब्लॉग होता. तिचेच लेख, तिच्याच हातांचे फोटो, आणि वर धाकटीचं नाव आणि हसरा चेहरा. प्रतिक्रियांची नुसती रीघ लागलेली. ताज्या लेखात लिहिलं होतं, आधी पुठ्ठ्याला मेण लावा, मग खळ. थोरलीनं कच्च्या लेखात तसंच लिहिलं होतं. करून बघितल्यावर मेणावर खळ धरेना, म्हणून बुधवारी तिनं ते उलटं केलं होतं. धाकटीकडे ती चूक तशीच्या तशी उभी होती.

तिनं फोन लावला.

"अगं, दोन ठिकाणी असलं तर बिघडलं काय?" धाकटी म्हणाली. "तुझ्याकडे वाचत होतं कोण?"

"तिथे तुझं नाव आहे."

"लोकांना चेहरा लागतो, ताई. तुला कुठे फोटो काढलेला आवडतो?"

"तो वाळवी मला चोर म्हणतोय!"

"थांब, त्याला ब्लॉक करते."

धाकटीच पुढे म्हणाली, "शाळेत माझे निबंध तूच लिहून द्यायचीस ना? तेव्हा बरं चालायचं. चल, मला मीटिंग आहे."

थोरलीनं ते बॅकअपचं प्लगइन काढायचं ठरवलं. बऱ्याच खटपटीनं पान सापडलं. तिथे लिहून आलं : तुम्हाला ही परवानगी नाही. ब्लॉगची मालकीण धाकटी होती, आणि थोरली तिथे लिहिण्यापुरती. स्वतःच्या घरात भाडेकरू होऊन ती किती दिवस राहत होती, हे तिला आत्ता कळलं. तिनं पुन्हा फोन लावला. उचलला गेला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही, तिसऱ्याही नाही.

शेवटी तिनं ठरवलं, जाऊन तोंडावर बोलायचं. आणि सवयीप्रमाणे, करायच्या आधी ते लिहायला बसली. मुद्दाम ब्लॉगवरच, कच्चा लेख म्हणून लिहिलं, म्हणजे बॅकअपमधून ते तिकडे जाईल. धाकटीपर्यंत पोचणारी तेवढी एकच वाट उरली होती. वाचू दे, लाज वाटली तर बरंच.

तिनं लिहिलं : "माझ्या धाकट्या बहिणीनं माझं लिखाण चोरलं. परक्यानं चोरलं असतं तर भांडले असते. हिच्याशी कसं भांडू? हिच्यावर मी डोळे झाकून विश्वास ठेवला. माझं नाव मला परत हवं आहे, आणि त्याहून जास्त, माझी बहीण परत हवी आहे." लिहिताना ती ढसाढसा रडली. मग तोंड धुतलं. आता धाकटीचा फोन येईल, असं तिला मनापासून वाटत होतं.

फोन आला नाही. सोमवारी तिनं धाकटीचा ब्लॉग उघडला. सगळ्यात वर थोरलीचा तोच मजकूर होता आणि शेजारी धाकटीचा खिडकीतून बाहेर बघणारा उदास फोटो. खाली लोकांचे दिलासे चालूच होते. अशी बहीण वैऱ्यालाही मिळू नये, असं कोणी लिहिलं होतं. वाळवीनंही लिहिलं होतं, "खचू नका. तिचा ब्लॉग मी केव्हाच सोडला."

मजकूर तिथे आपोआप चढला असेल, असं थोरलीनं स्वतःला समजावलं. यंत्रच ते, त्याला काय कळतंय. मग तिनं पहिल्या ओळीपासून पुन्हा वाचायला घेतलं. शब्दन् शब्द तिचा होता. फक्त 'धाकट्या' खोडून तिथे 'थोरल्या' केलं होतं.