व्हालेन्तांच्या भिंगातले एक अक्षर

मी एक जुने भिंग आहे. पितळी कड्यात बसवलेले, नाशपातीच्या लाकडाची मूठ असलेले, आणि आता कडेचा एक टवका उडालेले. मित्रांनो, माझे काम साधे आहे. लहान असेल ते मोठे करून दाखवायचे. पण त्या कामापायी एकदा दोन भल्या माणसांच्या जिवाला मोठा घोर लागला. ती हकीकत तुम्हाला सांगावीशी वाटते.

माझा जन्म बोहेमियाच्या उत्तरेला, डोंगरातल्या एका काचकारखान्यात झाला. एका म्हाताऱ्या कारागिराने मला वाळूने घासले, पाण्याने धुतले, तांबड्या भुकटीने चमकवले. तो मला खिडकीसमोर धरी आणि नकारार्थी मान हलवी. ज्या दिवशी त्याची मान हलली नाही, त्या दिवशी माझी ओलोमोउत्सच्या एका दुकानात रवानगी झाली. तिथे माझ्या शेजारी घड्याळे आणि दुर्बिणी होत्या. बहुतेक भिंगे टपाल तिकिटे जमवणारे घेऊन जात. मला मात्र लिबुशे नावाच्या एका तरुण बाईने उचलले. तिच्या नवऱ्याला, बोहुमीर व्हालेन्ताला, विद्यापीठात जुने चेक साहित्य शिकवायची नोकरी नुकतीच लागली होती.

"हे घे," ती घरी येऊन म्हणाली, "आणि आता तरी अक्षरं नाकाने वाचणं बंद कर."

मग काय, माझे भाग्यच उघडले! मी संतांच्या पद्यकथा पाहिल्या. जत्रेत करायची अचकटविचकट सोंगे पाहिली. धर्मासाठी लढणाऱ्यांची रणगीते आणि देश सोडून जावे लागलेल्यांची प्रार्थनागीते पाहिली. शाईचे एकेक टिंब माझ्यात ताटाएवढे होई. व्हालेन्ता मला रोज संध्याकाळी मऊ सुती कापडाने पुसून मखमली पिशवीत ठेवत. एवढी माया फार थोड्या वस्तूंच्या वाट्याला येते.

त्याच सुरुवातीच्या दिवसांत त्यांना एका अभिलेखागारात प्रवचनांचा एक जाडजूड ग्रंथ मिळाला. तो बांधताना बांधणाऱ्याने पुठ्ठ्याच्या आत एक जुने चर्मपत्र चिकटवून टाकले होते. त्या चर्मपत्रावर चौदाव्या शतकातली एक कविता निघाली. मेलेल्या मुलाला मांडीवर घेऊन एक आई रडते आहे. शेवटची ओळ अशी, की सगळे लोक घरी जातील, मेणबत्त्या विझतील, आणि माझ्यात उरेल... पुढच्या शब्दाचे शेवटचे अक्षर किड्याने खाल्ले होते.

चेक भाषेत 'रानो' म्हणजे सकाळ आणि 'राना' म्हणजे जखम. तुमच्याकडे 'ध'चा 'मा' झाल्याची गोष्ट सांगतात ना, तसाच हा प्रकार. व्हालेन्ता माझ्यावर ओणवे झाले, आणि एकदम मोठ्याने म्हणाले, "रानो!" वाचनकक्षातल्या बाईंनी त्यांना दटावले. पण त्या एका शब्दाने त्यांचे नाव झाले. जुन्या काळची ती आईसुद्धा शेवटी सकाळ पाहते, असा लेख त्यांनी लिहिला. तो पाठ्यपुस्तकांत गेला. दर वर्षी शेवटच्या तासाला ते ती कविता म्हणून दाखवत आणि मागच्या बाकावरची टवाळ पोरेसुद्धा गप्प होत.

पुढे त्यांचे केस पांढरे झाले आणि शेवटच्या विद्यार्थिनींत दोरोता स्मेकालोवा आली. तिला सतराव्या-अठराव्या शतकातल्या बरोक काळाचे वेड. प्रवचनकारांच्या भरजरी भाषेवर तिला प्रबंध लिहायचा होता.

"बरोक म्हणजे काय, स्मेकालोवाबाई?" व्हालेन्ता चिडवत. "सोन्याचा मुलामा, गुबगुबीत देवदूत आणि न संपणारी वाक्यं!"

"प्रोफेसरसाहेब, तुमच्या मध्ययुगातली वाक्यं लवकर संपतात, कारण पानच फाटलेलं असतं."

ते खो खो हसले. निवृत्त झाले त्या दिवशी त्यांनी मला तिच्या हातात ठेवले. "तुमच्या त्या भटजींनी कडेकडेने फार खरडून ठेवलंय. लागेल तुम्हाला."

त्याच वर्षी शरदात लिबुशे गेली. व्हालेन्तांनी तिच्या कबरीच्या दगडावर एकच ओळ कोरून घेतली: *माझ्यात उरेल सकाळ.*

आणि हिवाळा सरता सरता दोरोताला एक छापील प्रवचन सापडले. येशूला क्रुसावर चढवले त्या शुक्रवारचे. आपल्या आज्या-पणज्या हे गात असत, असे म्हणून प्रवचनकाराने त्या आईच्या विलापाच्या दोन ओळी दिल्या होत्या. शेवटी स्वच्छ छापले होते, 'राना'. छापखान्याची चूक असेल, असे तिला आधी वाटले. पण पुढे पानभर तो माणूस जखमेबद्दलच बोलत होता: भरलेल्या जखमेबद्दल, न भरणाऱ्या जखमेबद्दल. ती तडक अभिलेखागारात गेली आणि मला चर्मपत्रावर धरले. अक्षराचा मधला भाग किड्याने नेला होता. पण भोकाच्या उजवीकडे खाली एक बारीक शेपूट शिल्लक होते. त्यांच्या लिपीतल्या 'ओ'ला, म्हणजे o ला, शेपूट नसते. 'आ'ला, म्हणजे a ला, असते.

तिने मला उचलले, पुसले आणि परत त्याच जागी धरले.

तिने ते फक्त हिनेक पोस्पेख या सहकाऱ्याला सांगितले. हिनेक कॉफी ढवळायचा थांबला.

"गप्प बस," तो म्हणाला. "म्हातारा आहे तोवर गप्प बस. ते अक्षर साडेसहाशे वर्षं थांबलंय, अजून चार वर्षांनी त्याला काय धाड भरते?"

"आणि मी विद्यार्थ्यांना काय शिकवू? सकाळ?"

"शिकव की. कोणाचं वाईट झालंय सकाळीनं?"

"त्या बाईचं झालंय, हिनेक. तिचं दुःख कुणीतरी पुसून टाकलंय."

बोलून गेली खरी, पण महिनोन्‌महिने तिने तोंड उघडले नाही. नोव्हेंबरात पितरांचा दिवस आला. सगळे गाव शेवंती आणि मेणबत्त्या घेऊन कबरस्तानात चालले होते. व्हालेन्तांना दोरोताने हात दिला. मी तिच्या पिशवीत होते. घरी परतल्यावर त्यांनी पावावर इथले ते उग्र वासाचे चीज लावले, कांदा चिरला, आणि मान वर न करता विचारले,

"आज तुम्ही दगडाकडे एकदाही पाहिलं नाहीत. का?"

"थंडी होती, प्रोफेसरसाहेब."

"थंडीनं माणूस दगडाकडे पाहायचा थांबत नाही. बोला."

तिने प्रवचनाची नक्कल टेबलावर ठेवली आणि तिच्यावर मला ठेवले. त्यांनी वाचले. एकदा वाचले, परत वाचले, आणि त्यांचे कान लाल झाले.

"हा भटजी! ऐकीव ओळ ठोकून दिलीय यानं. याच्या जिवावर तुम्ही मला खोटं पाडणार?"

"याच्या जिवावर नाही. मी मूळ पान पाहिलंय."

"मीही पाहिलंय! तुमचा जन्मही नव्हता तेव्हा!"

ते उठून आतल्या खोलीत गेले आणि दार लावले. दोरोता तशीच बसून राहिली. मग बशा धुऊन ठेवल्या आणि निघाली. मला टेबलावरच विसरली. की मुद्दाम ठेवले, ते मला आजही ठाऊक नाही.

पुढच्या आठवड्यात व्हालेन्तांनी मला कोटाच्या खिशात घातले आणि तिला फोन केला. "स्मेकालोवाबाई, अभिलेखागारात या. मला जिने चढवत नाहीत एकट्याला."

दोघे शेजारी बसले. पान आले. व्हालेन्तांनी मला त्या भोकावर धरले. मित्रांनो, तरुणपणी दाखवले होते तेच मी त्यांना परत दाखवले, ना जास्त, ना कमी. त्यांनी मला हळूहळू सरकवत त्या शेपटावर आणून थांबवले. मग हळूच म्हणाले, "राना आहे."

दोरोताच्या डोळ्यांत पाणी आले. त्यांच्या आले नाही.

"त्या दिवशी लिबुशे बाहेर पायरीवर उन्हात बसली होती," ते म्हणाले. "आम्हाला नदीवर जायचं होतं. मला बाहेर पळायची घाई. हे शेपूट मला दिसलं असणार. पण मला सकाळच हवी होती."

"मी हे छापलंच पाहिजे असं नाही, प्रोफेसरसाहेब."

"छापलंच पाहिजे!" वाचनकक्षात त्यांना पुन्हा एकदा दटावण्यात आले. त्यांनी आवाज खाली आणला. "ती आई 'जखम' म्हणाली, तर जखमच छापा. तिच्या तोंडून मी दुसराच शब्द बोलवून घेतला इतकी वर्षं."

"आणि दगड?"

त्यांनी मला पुसायला घेतले. कडेपासून मधोमध, मध्यापासून कडेला. "दगड राहू दे. त्याच्यावर कवीचं नाव नाहीये. ती ओळ जुनी नसेल तर नसेल, माझी आहे. नवऱ्यानं बायकोसाठी केलेली एक ओळ. साहित्य म्हणून सुमारच, पण तिला चालली असती."

मग ते तिला कोपऱ्यावरच्या गुत्त्यात घेऊन गेले आणि आलुबुखाराच्या दारूचे दोन पेले मागवले. आमच्याकडे थोरल्या माणसाने पेला पुढे करून आपले नाव सांगितले, की धाकट्याने त्याला 'तू' म्हणायचे असते. तो मान असतो, आणि तो थोरल्यानेच द्यायचा असतो.

"बोहुमीर," ते म्हणाले.

तिने आपला पेला त्यांच्या पेल्याला लावला. "दोरोता," ती म्हणाली. मग धीर करून, "तुझ्या तब्येतीला, बोहुमीर."

"आणि तुझ्या त्या भटजीच्या तब्येतीला," ते म्हणाले आणि एका घोटात पेला रिकामा केला.

लेख तिच्या नावाने आला. खाली एक तळटीप आहे, ती त्यांनी हट्टाने घालायला लावली: *व्हालेन्ता यांचे वाचन चुकीचे होते. याची खात्री व्हालेन्ता यांनी स्वतः केली आहे.* पुढच्या दोन वर्षांत बरोकच्या न संपणाऱ्या वाक्यांवरून दोघांची पुष्कळ भांडणे झाली. मग एका वसंतात तेही गेले, आणि लिबुशेच्या शेजारी त्यांना ठेवले.

आता जुनी पाने पडद्यावर हवी तेवढी मोठी करून पाहता येतात. मी दोरोताच्या खणात कात्री आणि सुटलेल्या बटणांच्या संगतीत असते. टवका तिथेच उडाला. माझी तक्रार नाही, नवे डोळे माझ्यापेक्षा तेज आहेत. तरी एक सांगते, मित्रांनो. तुमच्या घरात माझ्यासारखे एखादे भिंग असेल, तर त्याला बाहीने पुसू नका, चरे पडतात. मऊ कापड घ्या. आणि आपल्याला शिकवलेल्या कोणाची चूक कधी हाती लागली, तर ती लपवू नका, चारचौघांत नाचवूही नका. त्यांच्या शेजारी जाऊन बसा. मला दोघांच्या मध्ये ठेवा, आणि आधी त्यांना पाहू द्या.