दोन मिनिटं न शिवलेलं पान

पहिला ठोसा जबड्यावर बसला तेव्हा मुकादमाच्या हातात पाण्याचा पेला होता. दुसरा बरगडीत. तिसऱ्याला पेला फुटला आणि पाहुण्यांसाठी ठेवलेली खुर्ची त्याच्या पाठीवर मोडली. तोवर कार्यालयाचा रखवालदार उठून उभा राहिला होता. म्हणजे तेवढंच, उभा राहिला होता.

"तूच लिहिलंस ना, ताईनं बटण उशिरा दाबलं म्हणून? ही सही काय तुझ्या भुतानं केली?"

मारणारा डंपर चालवायचा. आवाजही खडी ओतल्यासारखा.

सही मुकादमाचीच होती. 'संगणकात दोष नाही. बटण उशिरा दाबले गेले.' दोन ओळी. तीन आठवड्यांपूर्वी या डंपरवाल्याच्या थोरल्या बहिणीचा उजवा हात पत्रा दाबायच्या प्रेसखाली मनगटापर्यंत चेचला गेला होता. हातमोजा अडकला, तिनं डाव्या हातानं लाल बटण दाबलं, पण प्रेस थांबली नाही. नंतर कारखान्याच्या लोकांनी यंत्र बंद करून पुन्हा सुरू केलं आणि बटण वीस वेळा दाबून पाहिलं. विसाही वेळा प्रेस जागच्या जागी थांबली. मग चूक कुणाची? जिचा हात गेला, तिची. कामावरून काढल्याचं पत्र तयारच होतं, 'निष्काळजीपणा' हा शब्द ठळक करून. हिशोब सोपा होता, आणि मुकादमाला सोपे हिशोब आवडत.

मुकादम हे अर्थात टोपणनाव. त्या प्रेसच्या संगणकाचा गाभा, ज्याला त्या धंद्यात कर्नेल म्हणतात, त्यातला मेमरीवर नजर ठेवणारा भाग त्यानं लिहिला होता. मेमरी पानापानांनी वाटलेली असते. त्याचा प्रोग्रॅम दर पाच मिलिसेकंदांनी फेरी मारी आणि कुठल्या पानाला कुणी हात लावला ते टिपून ठेवी. दोन मिनिटं कुणीच न शिवलेलं पान रिकामटेकडं ठरे. ते उचलून डिस्कवर फेकायचं, गरज पडली की परत आणायचं. जागा थोडी, कामं उदंड. बसून खाणाऱ्याला पोसायचं नाही. बायको म्हणे, "पाच वर्षं न घातलेला शर्ट कपाटात जपतोस आणि तिथे दोन मिनिटांत हाकलतोस!"

डंपरवाल्यानं कॉलर धरून त्याचं डोकं भिंतीवर आपटलं. "अरे, सकाळपासून त्या बटणाला हात लावायची वेळच आली नव्हती तिच्यावर! एकदा दाबलं, एकदाच, आणि तेही म्हणे उशिरा!"

"सकाळपासून?" मुकादमाच्या ओठातून रक्त गळत होतं. "त्याआधी कधी दाबलं होतं?"

"काय?"

"आधी. किती वेळ आधी?"

मूठ वरच्या वर राहिली. मार खाणारा माणूस उलट वेळ विचारतो, हा अनुभव डंपरवाल्याला नवा होता. "मला काय ठाऊक? महिनाभर नसेल. ते काय पंख्याचं बटण आहे, येताजाता दाबायला?"

मुकादम भिंतीला पाठ घासत खाली बसला. प्रेस थांबवायचा हुकूम ज्या पानावर होता, ते पान महिनोन्‌महिने कुणाला लागतच नव्हतं. म्हणजे त्याच्या हिशोबात सगळ्यात रिकामटेकडं. आणि त्या वीस चाचण्या? पहिली यंत्र नुकतं सुरू झाल्यावर, सगळी पानं ताजी असताना. पुढची प्रत्येक चाचणी त्या पानाला शिवून त्याला जाग्यावर ठेवत गेली. मध्ये दोन मिनिटं कुणी गप्प बसलंच नव्हतं. सही करण्याआधी तोही नाही.

"आणखी मारायचं तर मार," तो म्हणाला, "पण आधी कारखान्यात चल."

कारखान्यात अपघाताची चौकशी करणारे अधिकारी शेवटचे कागद जुळवत होते. चौकशीला आलेला मुकादमाचा साहेब त्याला खांबाआड घेऊन गेला.

"मार खाऊन डोकं फिरलंय का? कागद गेलाय आपला. ती बाई काही पुन्हा प्रेसवर उभी राहत नाही. तुझी नोकरी मात्र अजून उभी आहे, तिला कशाला लाथ मारतोस?"

"हातमोजे आहेत का दोन?" मुकादमानं विचारलं.

हातमोज्यांत ओली माती ठासून भरली. प्रेस सुरू झाली. दर घावाला जमीन हादरत होती. बटणाला कुणी हात लावायचा नाही, असं बजावून मुकादम घड्याळ धरून उभा राहिला. दोन मिनिटं झाली. आणखी अर्धं जाऊ दिलं. मग सांडशीनं पहिला हातमोजा आत सरकवला आणि प्रेस खाली निघताक्षणी बटणावर मूठ हाणली.

प्रेस आली. हातमोजा फाटला, बोटांतली माती पिचकारीसारखी उडून अधिकाऱ्यांच्या सदऱ्यावर बसली.

"आता लगेच दुसरा."

पुन्हा सांडशी, पुन्हा बटण. या वेळी प्रेस वीतभर वर थबकली.

"बघा! थांबली की नाही!" साहेब आनंदानं ओरडला, आणि डंपरवाल्याची थप्पड त्याच्या कानशिलात बसली. साहेब पत्र्यांच्या ढिगावर कोसळला, कपाळ फुटलं. त्याला उठवायला कुणीही धावलं नाही, ही गोष्ट मात्र साहेबानं पडल्या पडल्या टिपली असणार.

"हे काय आहे?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

"थांबवायचा हुकूम मेमरीतून बाहेर फेकलेला होता. परत यायला अर्धा सेकंद लागला, प्रेसला तेवढा पुरतो." मुकादमानं ओठावरचं रक्त पुसलं. "बाईंनी वेळेत दाबलं. हुकमाचं पान फेकलं होतं मी. ते पान हलवायचं नाही, अशी खूण करता येत होती. मला सुचलं नाही. पहिली सही माझी खोटी धरा."

जबाबासाठी बोलावलेली ताई दाराशी खुर्चीत बसली होती, बाहीचं टोक दुमडून टाचलेलं. मातीच्या चेंद्याकडे तिनं एकदाच पाहिलं. अधिकाऱ्यांनी नवा जबाब लिहिला आणि सहीसाठी तिच्यापुढे सरकवला.

तिनं पेन डाव्या हातात धरलं. टेकवल्याबरोबर कागद पेनासोबत घसरला. दुसऱ्यांदाही घसरला. मुकादमानं पुढे होऊन कागदाचा कोपरा दाबून धरला.

"काढा हात," ती म्हणाली.

"अहो, पण—"

"काढा. तुम्ही काय रोज येणार आहात धरायला?"

त्यानं हात काढला. तिनं उजवं कोपर कागदावर टेकवलं, दात आवळले आणि आपल्या नावाचं पहिलं अक्षर काढायला घेतलं.