बोक्याने पाय उचलला नाही

कोटाची बाही शिवून बंद झाली आहे. पण ते नंतर.

आधी शिंपीणमावशींचं दुकान. रिळांना टेकवलेला फोन, फोनवर मोटार-शर्यतीची पात्रता फेरी: आज जो सगळ्यांत वेगवान, तो उद्याच्या शर्यतीत सर्वांत पुढे उभा. मशीनखाली कोट. स्टुलावर कोटाचा मालक, बसड्रायव्हर. संध्याकाळी त्याच्या मुलीचं लग्न.

"मावशी, होईल ना?"

"बाहीची कड राहिलीय. तुझा बोका फिरून येईस्तोवर हातात."

बोका म्हणजे आज शेवटी सुटणारा शर्यतपटू, बापलेकीचा लाडका. हे नाव ड्रायव्हरच्या मुलीनेच ठेवलेलं. मावशींना तो अजिबात आवडत नाही.

मावशींची एक खोड आहे. शर्यत लागली की मशीनच्या पेडलवरचा पाय गाडीबरोबर चालतो. सरळ रस्त्याला दाब, वळणाला उचल.

बोका सुटला.

टीप. वळण. थांब. टीप.

"भिंतीला घासला," मावशी.

"नाही घासला. मध्ये बोट जाईल."

"बोट? कागद जाईल का विचार."

थांब. टीप.

आता चढावरचं वळण. ओलं. पलीकडचं काही दिसत नाही. सकाळपासून इथे प्रत्येकाने पाय उचलला. ड्रायव्हरचा पाय स्टुलाखाली ब्रेक शोधतोय. मावशीही पाय

उचलत नाहीत.

कारण गाडीचा आवाज पडलाच नाही. टीप धावते आहे, बाहीची कड संपली, अस्तर आलं, धावते आहे. गाडी पाण्यावरून सरकली, पांढऱ्या रेषेवर क्षणभर तरंगली आणि सरळ झाली.



मग मावशी, अगदी हळू: "मेल्या."

पडद्यावर त्याचं नाव सगळ्यांच्या वर गेलं. दोघांनी ते पाहिलं नाही. दोघं अजून त्या वळणावर होते.

ड्रायव्हरने कोट घातला. हात मनगटाशी अडला.

"अगं बाई. थांब, उसवते. उशीर होईल रे तुला."

तो बाही उजेडात धरून बघत राहिला. कडेवरून अस्तरात शिरलेली टीप, कुठेही न थांबलेली.

"चढ इथून सुरू?"

"इथून."

"हात जाईल एवढंच उसवा, मावशी. बाकीची राहू दे." त्याने टिपेवरून अंगठा फिरवला. "पोरगी तिकडे नटून बसलीय, फोन काढून घेतलाय तिचा. तिला हे वळण दाखवायचंय."