अकरा घरांचं धुकं

आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एक गृहस्थ राहतात. तीस वर्षं राहताहेत. त्यांच्या घंटीवर नाव नाही. पावसुद्धा रोख पैसे मोजूनच घेतात आणि दुकानात कुणी नाव-पत्ता नोंदवायचं सवलतीचं कार्ड पुढे केलं, तर साप दिसल्यासारखे मागे सरकतात.

इंटरनेटच्या नकाशावर जर्मनीत लाइपझिगमधल्या आमच्या गल्लीचे फोटो आले, तेव्हा त्यांनी अर्ज करून आमची इमारत पुसट करून घेतली. एकट्या भाडेकरूचा अर्जही चालतो. चूक तिथेच झाली. दहा घरं स्वच्छ, मधलं एकच धुक्यात. लोक मुद्दाम बघायला येऊ लागले. "इथे कोण राहतं हो?" असं मलाच विचारायचे. मी म्हणायचो, "मी." मग ते हिरमुसून दाराचा फोटो काढायचे.

"सगळी गल्लीच पुसट व्हायला हवी," गृहस्थ जिन्यात मला म्हणाले. तीस वर्षांत मी ऐकलेलं त्यांचं हे पहिलं वाक्य. "नाहीतर मला घर सोडावं लागेल."

पण घंटी वाजवणं म्हणजे दुसऱ्याच्या खाजगी आयुष्यात घुसणं. म्हणून ते रविवारी तळ्यावर आले. तिथे इकडच्या रिवाजाप्रमाणे आख्खी गल्ली नागडी पोहते. त्यात खाजगी काही नाही. तेही तसेच, हातात अर्जांची फाइल. मागे मी, पेन धरून. खिसा नव्हता ना.

नऊ घरांच्या सह्या झाल्या. दहावं घर हेनिगबाईंचं.

"ज्याचं नाव माहीत नाही, त्याच्यासाठी मी सही करत नाही," वाळूत बसून सॉसेज खात त्या म्हणाल्या.

"बाई, दुसरं काहीही मागा."

"नाव."

गृहस्थ कानांपर्यंत लाल झाले. फाइल त्यांनी माझ्याकडे दिली. टॉवेल उचलून कमरेला घट्ट गुंडाळला. मग वाकून बाईंच्या कानात नाव सांगितलं.

हेनिगबाईंनी सॉसेज खाली ठेवलं आणि स्वतःचाही टॉवेल हळूच अंगावर ओढून घेतला.

"छान आहे हो," एवढंच म्हणून त्यांनी सही केली. इतका नागडा माणूस मी आयुष्यात पाहिला नव्हता.

महिन्याभराने नकाशा उघडला. या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसतं पांढरं धुकं, पहाटे तळ्यावर उतरतं तसं. श्वास रोखून मी बघतच राहिलो. आता कुणी बघायला येत नाही. गृहस्थ तिसऱ्या मजल्यावरच आहेत.

परवा न राहवून हेनिगबाईंना विचारलं, "काय हो नाव त्यांचं?"

"कुणाचं?" त्या म्हणाल्या.