एका गोळीचं काम

“मारा की, भाऊ! आता न्हाई तर कवा?” कपिल कानाशी पुटपुटला.

हौशीरामचं बोट चापावर होतं, पण हललं नाही. पारगावच्या बांधावर, उसाच्या कडेला कलत्या उन्हात बिबट्या उभा होता. मारायचा हुकूम निघालेला तोच, उजवा कान फाटलेला. ठकूबाईच्या सुनेला, अमृताला, गवत कापताना त्यानंच ओढून नेलं होतं. पण आत्ता तो थेट तोंड समोर करून उभा, आणि असली गोळी हौशीराम जीव गेला तरी मारणार नव्हता.

“आपली रायफल लई भारी हाय. कुटं बी लागली तरी आडवा हुईल,” कपिल म्हणाला. वनखात्यात नवाच होता बिचारा.

“जोराचं काय कौतुक सांगतोस, राव! पोटात लागली तर जखम घिऊन उसात शिरंल. मंग सकाळी ऊसतोड्यांनी मरायचं व्हय? खांद्याच्या मागंच लागाया पायजे. गप ऱ्हा.”

लांब रस्त्यावर सगळं गाव जमलेलं. गुलाल काय, फटाक्यांची माळ काय, सगळा सरंजाम तयार!

“घाबरला रं शूटर!” तिकडून कुणीतरी बोंबललं.

हौशीरामची कानशिलं तापली. तरी तो थांबला. आवाजानं बिबट्या बिचकला, उसाकडे वळला. त्या वळण्यात कूस उघडी पडली आणि गोळी सुटली. जनावर जागीच बसलं, पाऊलभरही पुढं गेलं नाही.

हौशीरामनं जवळ जाऊन काठीनं डोळ्याला टोचून पाहिलं. पापणी हलली नाही. अख्खी नोकरी पिंजरे ओढण्यात गेलेल्या माणसाची छाती आज फुगली, आणि का फुगू नये?

पोरं त्याला खांद्यावर घ्यायला धावली, तसा तो कडाडला, “गुलाल उधळायचा न्हाई! माळ बी पेटवायची न्हाई. जीव गेलाय, मी काय इलेक्शन जिंकलो न्हाई!”

पोरं वरमली. गर्दीतून वाट काढत ठकूबाई पुढं आली. आता ही शिव्या घालणार, थुंकणार, असंच सगळ्यांना वाटलं. ती बिबट्यापाशी खाली बसली.

“तडफडला का रं?”

“न्हाई, मावशी. त्याला कळलं बी नसंल.”

“माझी अमृता लई तडफडली व्हती.”

ठकूबाईनं हौशीरामचा हात आपल्या दोन्ही हातांत धरला.

“बरं केलंस, लेका. तसं मरान कुणाला बी नगं.”

एवढ्या माणसांत हौशीरामला रडू फुटलं, आणि त्यानं ते लपवलं नाही.