पानिपतला गेलेली लेस

मी लेस बोलतेय. फ्रान्समधल्या आलाँसों नावाच्या गावाची, सुईने विणलेली. जरा जवळ या, माझा आवाज बारीक आहे. पूर्वी मी अशी भित्री नव्हते हो. आता कपाटाचं दार वाजलं तरी अंगावर काटा येतो.

मला कुणा एकीने घडवलं नाही. खिडकीशी ओळीने बसलेल्या बायकांपैकी एकीने फुलं विणली, दुसरीने जाळी, तिसरीने तुकडे जोडले. नखाएवढ्या भागाला दिवस दिवस लागायचा. फुलांच्या कडेत त्यांनी घोड्याचा केस घातला, म्हणून माझ्या पाकळ्या अजून ताठ उभ्या आहेत.

त्या गावची एक मुलगी सिस्टर होऊन नागपूरच्या मिशनच्या दवाखान्यात आली. आईने दिलेली लेस, म्हणून मला पेटीत घेऊन आली. तिथे कुमुद नावाची नर्स तिची मैत्रीण झाली. मायदेशी परतताना सिस्टरने मला कुमुदच्या ओंजळीत ठेवलं. म्हणाली, "माझं काही लग्न व्हायचं नाही. तुझ्या लेकीच्या लग्नात हिला मिरवू दे."

ती लेक म्हणजे हेमलता. तिच्या लग्नात तिच्या डोक्यावरच्या जाळीदार ओढणीला मी कडेने लावलेली होते. नंतर तिला दिल्लीत मंत्रालयात नोकरी लागली, आणि मी सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये, ट्रंकेत, मलमलीत गुंडाळून राहू लागले. दर नाताळात ती मला बाहेर काढून वारा द्यायची.

तिचा मुलगा संग्राम. त्याने आणि स्वरूपाने कोर्टात लग्न केलं. ती हिंदू, तो ख्रिस्ती; दोन्ही घरं तेवढ्यावर राजी झाली. हेमलताने सुनेला मला दाखवलं. "लग्नात नाही लागली तर नाही. पण ही आता तुझीच."

"आई, मला हिला हात लावायचीसुद्धा भीती वाटते," स्वरूपा म्हणाली.

मग जुनी क्वार्टर्स पाडायला निघाली. घरात खोक्यांचा ढीग झाला. एका दुपारी हेमलता मला घेऊन खोलीभर फिरत होती. कुठे ठेवू, कुठे ठेवू, असं पुटपुटत शेवटी तिने मला उशीच्या जुन्या अभ्र्यात खोल कोंबलं. "इथे कुणी बघणार नाही." संध्याकाळी ती रिकाम्या ट्रंकेपुढे उभी होती, आणि आपण इथे कशाला आलो हेच तिला आठवत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बोहारीण आली. दिल्लीत तिला बर्तनवाली म्हणतात. स्वरूपाने फाटक्या चादरी, अभ्रे बाहेर काढले. "दीदी, इतने में तो छोटा पतीला ही आएगा," बोहारीण म्हणाली. घासाघीस झाली, पातेलं घरात आलं आणि मी गाठोड्यात गेले. मी जीव तोडून ओरडले. लेसचं ओरडणं कुणाला ऐकू येणार!

पोत्यात अंधार, घामाचा वास, आणि वर माणसांचं बोलणं. त्यात एक शब्द कानावर आला. पानिपत. मराठी घरात इतकी वर्षं काढलेली मी. पानिपत झालं, म्हणजे काही उरलं नाही, एवढं मला ठाऊक होतं. ट्रक सुटला तशी माझी जाळी थरथरायला लागली.

तिथल्या गोदामात छतापर्यंत कपडे होते. पलीकडे एक यंत्र दात फिरवत होतं. लोकरीचा कोट आत जायचा, बाहेर नुसती पिंजलेली लोकर. यंत्रापुढे बसून बायका विळीसारख्या उभ्या पात्यांवर कपडे फाडत होत्या. माझा अभ्रा उचलला तो त्यांच्यातल्या भानुमतीने. एकदा पात्यावर ओढला, आणि मी मधोमध कापली गेले.

माझा अर्धा भाग अभ्र्याबरोबर यंत्राकडे गेला. मी त्याला जाताना पाहिलं. याहून जास्त मला सांगवत नाही.

उरलेली मी भानुमतीच्या मांडीवर पडले. तिने एक पाकळी बोटाने दाबून पाहिली, इकडेतिकडे बघितलं आणि मला ब्लाउजमध्ये खुपसलं. गोदामातलं काही नेलं तर काम जायचं. तिचं काळीज माझ्यापेक्षा जोरात धडधडत होतं.

तेवढ्यात दारात ओळखीचा आवाज आला. स्वरूपा! मी जुन्या कपड्यांत गेले असणार हे ओळखून, बोहारणीला गाठून, तिच्याबरोबर जुन्या कपड्यांच्या बाजारात विचारत विचारत ती इथवर पोचली होती. मुकादमाला ती मोबाइलवर सासूच्या लग्नाचा फोटो दाखवत होती.

"किसी को मिला है क्या?" मुकादम ओरडला. "सच बोलना, नहीं तो तलाशी लूँगा!"

भानुमतीने मान हलवली. नाही. मी तिच्या छातीशी गोठून गेले. मी सापडले तर तिचं काम जाणार. नाही सापडले तर माझं घर.

स्वरूपा ढिगाऱ्याशी मटकन बसली. "मेरी सास रोज़ ट्रंक खोलकर बैठती हैं," ती कुणाला तरी, कदाचित स्वतःलाच, म्हणाली. मग उठून नळावर तोंड धुवायला गेली. भानुमती पाणी प्यायच्या मिषाने मागे आली आणि मला तिच्या मुठीत दाबलं. "तकिये के गिलाफ़ में थी. आधी ही बची है, दीदी. उनको मत बताना."

फाटकाशी मुकादमाने विचारलं, "मिला?"

स्वरूपाची मूठ घामाने ओली झाली होती. तिने त्याच्या डोळ्यांत बघून सांगितलं, "नहीं मिला, भैया."

घरी येऊन तिने मला हेमलतासमोर ठेवलं. "आई, चूक माझी. मी अभ्रा झटकून न बघता दिला. अर्धीच राहिली." परक्या घरातून आलेल्या सुनेला हिची काय किंमत, असं आई म्हणतील, या धास्तीने ती इतके दिवस नीट जेवली नव्हती.

हेमलताने मला उचललंच नाही. सुनेचा हात धरला. "अभ्र्यात कुणी ठेवली होती गं?" मग ती हळूच म्हणाली, "मीच ना? मला आठवत नाही, स्वरूपा. हल्ली बऱ्याच गोष्टी आठवत नाहीत. कुणाला सांगितलं नाही मी. फार भीती वाटते."

स्वरूपाने तिला जवळ घेतलं. "चला, उद्या डॉक्टरकडे जाऊ. मी येते ना बरोबर."

आता आम्ही नव्या टॉवरमध्ये राहतो. कापलेल्या कडेला स्वरूपाने साधा दोरा घालून टीप मारली आहे, वेडीवाकडी. हेमलता रोज मला मांडीवर घेते आणि विचारते, "ही कुणाची गं?" स्वरूपा सिस्टरपासून सगळं सांगते. काही वेळाने पुन्हा तोच प्रश्न, पुन्हा तीच गोष्ट. एक दिवस स्वरूपा कंटाळली तर, या विचाराने माझा जीव धसकतो.

म्हणून तुमच्याकडे एकच मागणं. तुमच्याही घरात कुणी तेच तेच विचारत असेल, तर वैतागू नका. पुन्हा सांगा. विचारणारं माणूस आतून फार घाबरलेलं असतं.